उंचावरून पाहताना

उंच जागी उभे राहिले की अधिक दूरचे दिसते, हे खरे. परंतु अधिक दिसले म्हणजे अधिक कळले, असे होते काय?

अमेरिकेत टेनेसी व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी पर्वतरांग आहे. तिचे सर्वोच्च शिखर ६,६४३ फूट उंच. अर्ध्या मैलाची खडी वाट चढून गेले की १९५९ साली बांधलेला ४५ फुटी काँक्रीटचा मनोरा लागतो. त्याला पायऱ्या नाहीत. ३७५ फूट लांबीची वळणदार चढण प्रवाशाला झाडांच्या शेंड्यांवर नेऊन सोडते. चहूकडे निळसर डोंगरांच्या लाटांमागून लाटा! पाहणारा क्षणभर स्वतःला या साऱ्याचा धनी समजू लागतो.

मोह आहे तो नेमका येथेच. चेरोकी लोक या शिखरास 'कुवोही', म्हणजे तुतीची जागा, म्हणत आणि पवित्र मानीत. १८३८ साली सैन्याने त्यांना त्यांच्या भूमीतून हुसकावले, तेव्हा काहींनी याच डोंगरांतील रानात आसरा घेतला. पुढे १८५९ मध्ये भूगोलतज्ज्ञ आर्नोल्ड गियो यांनी येथे सर्वेक्षण केले आणि शिखराला टॉमस क्लिंगमन या राजकारण्याचे नाव दिले. उंची मोजली गेली. तिथल्या माणसांनी दिलेले नाव मात्र नकाशावर राहिले नाही. चेरोकींच्या मागणीनंतर ते परत यायला २०२४ चा सप्टेंबर उजाडावा लागला.

त्या रानात लपलेली माणसे कोणत्याही मनोऱ्यावरून दिसली नसती. उंचीचा दोष हा की तिथून डोंगर दिसतो, डोंगरातले दुःख दिसत नाही. मनोऱ्याभोवती उभे असलेले फर वृक्षांचे वाळलेले सांगाडेदेखील दुरून शोभिवंतच वाटतात. युरोपातून आलेल्या एका सूक्ष्म किडीने ते मारले, हे कळण्यासाठी खोडाजवळ जावे लागते.

आपणही आपापल्या मनोऱ्यांवर उभे असतो. कुणाला वयाने उंची दिलेली असते, कुणाला शिक्षणाने, कुणाला अधिकाराने. घरातील कर्त्या माणसाला सारे घर दिसते. पण स्वयंपाकघरात कोण मुकाट्याने रडले, ते दिसतेच असे नाही. तरीही वरूनच आपण माणसांना नावे ठेवतो आणि ती नावे त्यांना जन्मभर चिकटतात.

म्हणून उंचीवर जाऊच नये असे नव्हे. दूरचे पाहण्यासाठी अवश्य चढावे. मात्र कोणाविषयी मत बनविण्यापूर्वी खाली उतरावे आणि त्यालाच विचारावे, "बाबा रे, तुझे नाव काय?"