किरकोळ कोणासाठी?



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं, तुलाधार आणि जाजलीचा संवाद. शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला ही गोष्ट सांगतात.

जाजली मोठा तपस्वी. खांबासारखा उभा राहिला, इतका निश्चल की पाखरांनी त्याच्या जटांत घरटं केलं. अंडी झाली, पिल्लं झाली, मोठी होऊन उडून गेली, तरी हा हलला नाही. मग त्याला वाटलं, आपण धर्म मिळवला. तसं तो दंड थोपटून ओरडलाही. तेव्हा आकाशवाणी झाली, की वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली शोधत गेला, तर हा तुलाधार दुकानात माल विकत बसलेला! साधा वाणी. रस विकतो, सुगंधी द्रव्यं विकतो, मद्य तेवढं विकत नाही. त्यानं आपल्या धंद्याचा धर्म सांगितला तो थोडक्यात असा: दुसऱ्याच्या हातून माल घेतो आणि पुढं विकतो, त्यात कपट ठेवत नाही, आणि माझा तराजू सगळ्यांना सारखा.

वाचताना हे सोपं वाटतं. पण ज्या वस्तूची खोट तराजूत येतच नाही, तिथं काय करायचं? मला हाच प्रश्न एका ओळखीच्या तरुणानं विचारला, म्हणून आज त्यावरच लिहितो.

यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत त्याचं लहानसं वर्कशॉप आहे. जिनिंगच्या मशीनचे बुश, शाफ्ट, असली कामं. त्याला आपला जुना सीएनसी लेथ विकायचा आहे. घेणारा दारव्ह्याकडचा, आयटीआय केलेला टर्नर, पहिल्यांदाच स्वतःचं काही सुरू करतोय. यानं त्याला सांगितलं, मशीन चालू आहे, किरकोळ दुरुस्ती आहे. म्हणजे कुलंटचा पंप बदलायचा आणि कंट्रोलची बॅटरी टाकायची. इथवर सगळं स्वच्छ. तिसरी एक गोष्ट मात्र त्याला टोचत होती.

या मशीनमध्ये टूल मागं-पुढं नेणारा बॉल स्क्रू असतो. वर्षानुवर्षं चालून तो झिजतो, आणि दिशा बदलताना थोडा मोकळा खेळ येतो. त्याला बॅकलॅश म्हणतात. त्यासाठी कंट्रोलमध्ये एक आकडा भरायची सोय असते. फॅनुकच्या बऱ्याच कंट्रोलवर तो १८५१ नंबरचा पॅरामीटर. जेवढा खेळ तेवढा आकडा भरला, की दिशा बदलताना मशीन तेवढं जास्त सरकतं आणि माप बरोबर येतं. यात लबाडी काही नाही, मशीनवाल्यांनीच दिलेली सोय आहे. पण स्क्रू सगळीकडे सारखा झिजत नाही. जिथं रोज काम चाललं तिथं जास्त, बाकी ठिकाणी कमी. आकडा मात्र एकच. यानं दहा वर्षं लहान व्यासाचे बुश काढले. तसाच लहान जॉब लावून दाखवला तर माप मायक्रॉनला बरोबर. मोठ्या व्यासाचा लावला की चुकायला लागतं.

तो म्हणाला, "काका, मी खोटं कुठं बोलून राह्यलो? त्यानं यावं, पाहावं, टेस्ट कट घ्यावा. इचारलं तं सांगीन. आपणच सारं सांगत बसलो तं मशीन घेईन कोण? मले बी बँकेचा हप्ता हाय ना."

त्याच्या बोलण्यात वजन आहे, उगाच नाक मुरडू नये. कायदाही बराचसा त्याच्याच बाजूचा आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याचा मूळ कल असाच, की घेणाऱ्यानं पाहून घ्यावं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मध्ये तर एक घोड्याचं उदाहरण दिलंय. लिलावात एकानं घोडा विकला. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होतं, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. नुसतं गप्प राहणं म्हणजे लबाडी नव्हे.

पण लगेच पुढचं उदाहरण वाचा. घोडा घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र खोट सांगणं हे बापाचं कर्तव्य. आणि तिसरं: घेणारा म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा चांगला समजेन," आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच.

मला या दुसऱ्या उदाहरणापाशी थांबावंसं वाटलं. घोडा तोच, खोट तीच, विकणाराही तोच. बदललं फक्त नातं. म्हणजे सांगायला हवं हे कायद्यालाही कळतं. फक्त ते त्यानं लेकीपुरतं ठेवलं. कायद्याला कुठंतरी रेघ ओढावीच लागते, त्यात त्याचा दोष नाही. तुलाधाराचा तराजू सगळ्यांना सारखा, याचा अर्थ इथं उघडतो. समोर जो येईल त्याला तो लेकीच्याच मापानं मोजतो. दारव्ह्याचा तो पोरगा जर आपला जावई असता, तर १८५१ चा पडदा आपण आपणहून उघडून दाखवला असता की नाही?

आपण कापसाच्या जिल्ह्यातले. सीसीआयच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, १२ च्या वर गेला की कापूस परत. शेतकऱ्याला ते जड जातं, पण मीटर गाडीत खुपसला की आकडा दोघांनाही दिसतो. जुन्या मशीनच्या सौद्यात मीटर एकाच्याच डोक्यात असतो. म्हणून तिथं त्याच्या जिभेवर जास्त भार येतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं सत्य असावं, प्रिय असावं, आणि हिताचंही असावं. 'किरकोळ दुरुस्ती' हे बोलणं प्रिय आहे, बरंचसं सत्यही आहे. हित तेवढं राहून गेलं. किरकोळ हा शब्द कोणाच्या बाजूनं बोलायचा? विकणाऱ्याला ती दुरुस्ती किरकोळ, कारण ती त्याला करायची नाही. घेणाऱ्यासाठी नवा स्क्रू, नागपूरहून कारागीर, तोवर बंद मशीन आणि हातचं गेलेलं पहिलं काम.

आता भावाचं. खोट सांगितली की भाव पडतो, हे खरंच आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, की बाबा, ती झीज तुझ्या दहा वर्षांच्या कामात झाली. त्या बुशांचे पैसे तू घेतलेस. मग झिजेचे पैसे त्या पोरानं का द्यावे? हप्त्याची अडचण खरी आहे, पण ती तुझी आहे. न सांगता ती त्याच्या अंगावर सरकवली, तर दोन घरांत एकाच अडचणीचे हप्ते सुरू होतील.

सगळंच सांगावं असं मात्र मी म्हणत नाही. आपली निकड किती, कमीत कमी किती रुपयांत देऊ, हे सांगायला कोणी बांधील नाही. जे आपल्याला माहीत आहे, त्याला सहज दिसणार नाही, आणि कळलं तर त्याचा निर्णय बदलेल, तेवढं सांगावं. दोन्ही व्यासांवर डायल लावून दाखवावा, आकडा कागदावर लिहून द्यावा, मग भाव बोलावा.

घेणाऱ्यांनीही ऐकावं, कारण तुलाधारानं घेणं आणि विकणं दोन्ही म्हटलंय. घरचा कर्ता गेला, मशीन पडून आहे, बायकापोरांना त्याची किंमत ठाऊक नाही. जाणकार येतो, मनात ओळखतो की मशीन उत्तम आहे, आणि तोंडानं म्हणतो, "भंगारच हाय हे." तिथं मीटर घेणाऱ्याच्या डोक्यात आहे, एवढाच फरक.

त्या तरुणाचा सौदा अजून व्हायचा आहे. तो काय करील ते त्याच्यावर. आपल्यापैकी कोणी आज-उद्या गाडी, बैलजोडी, मोटरपंप, काहीही विकणार असेल, तर 'किरकोळ' हा शब्द उच्चारण्याआधी एकदा घेणाऱ्याच्या जागी उभं राहून तो म्हणून पाहावा.

उद्या याच संवादाचा पुढचा भाग वाचू. राम कृष्ण हरी.