पहिले कणीस आणि बहिणीची सही

पावसाने पाठ फिरवली की आपल्या वसईच्या वाड्यांवर सणांची रांग लागते. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव, त्यामागून वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा, ऑक्टोबर उजाडताच रोझरीचा महिना, त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी आगेरा, आणि नोव्हेंबरच्या १ व २ तारखेला सर्व संतांचा आणि सर्व मृतांचा दिवस. मोठ्या कुटुंबात हे दोन महिने कसे जातात ते ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. एकाच वाडीत चार भावांची चार घरे. प्रत्येक घरातला एखादा मुलगा वेदीसेवक, एखादी मुलगी गायनमंडळात. संध्याकाळी आळीपाळीने एकेकाच्या ओट्यावर जपमाळ. आजीने लितानी सुरू केली की पोरे पेंगू लागतात आणि शेवटी वाटल्या जाणाऱ्या चण्यांच्या आशेवर कशीबशी जागी राहतात. सणाच्या दिवशी फुगे तळले जातात, रश्श्याचा वास दोन वाड्या पलीकडे जातो, आणि सासरी गेलेल्या लेकी मुलाबाळांसह माहेरी येतात.

या सगळ्यात आगेऱ्याचा मान वेगळा आहे. भात कापणीला येते तेव्हा पहिली कणसे धर्मगुरूंकडून आशीर्वादित करून घ्यायची, वाजतगाजत चर्चमध्ये आणायची, वेदीवर अर्पण करायची आणि मग एकेक कणीस घरी नेऊन देव्हाऱ्याजवळ खोचायचे, अशी ही आपल्या वाडवडिलांची रीत. गोव्यात हाच सण ऑगस्टमध्ये सुरू होतो. राय गावी ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त असते. आपले हिंदू शेजारीही दसऱ्याला दारावर भाताच्या लोंब्यांचे 'नवे' बांधतात. पहिले पीक देवाचे ही भावना या मातीतलीच आहे. आज मुंबईतल्या आणि उपनगरांतल्या अनेक धर्मग्रामांत शेतेच उरलेली नाहीत, तेव्हा कणसे बाहेरून आणावी लागतात. त्याबद्दल पुष्कळजण हळहळतात. मला मात्र दुसरीच गोष्ट सलते. जिथे थोडीफार जमीन अजून शिल्लक आहे, तिथे त्या जमिनीवरून घरात काय चालले आहे हे कुणी विचारत नाही.

आगेऱ्याच्या मिरवणुकीत डोक्यावर कणसे घेतलेले दोन भाऊ एकामागोमाग चालत असावेत आणि बांधाच्या वादामुळे तीन वर्षे एकमेकांशी बोलत नसावेत, हे आपल्याकडे अशक्य आहे काय? आपण सगळे मनात उत्तर जाणतो. प्रश्न असा आहे, की ज्या जमिनीमुळे कुणावर तरी अन्याय झाला आहे, त्या जमिनीचे पहिले फळ देवाला चालते का?

बायबलमधले पहिले भांडण आठवा. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन हा शेतकरी आहे आणि तो जमिनीचे फळ घेऊन देवापुढे येतो. हाबेल मेंढपाळ आहे, तोही आपले अर्पण आणतो. पवित्र शास्त्रातला पहिला खून या पहिल्या अर्पणाच्या पाठोपाठ घडला आहे, आणि तोही शेतात. काइनाचे अर्पण का स्वीकारले गेले नाही याचे कारण शास्त्र उघड सांगत नाही. भाष्यकारांनी नाना तर्क केले आहेत. पण नंतर देव त्याला जे विचारतो ते स्पष्ट आहे. तुझे पीक किती आले, हे तो विचारत नाही, तुझा भाऊ कुठे आहे, असे विचारतो. आणि भावाचे रक्त ओरडते ते जमिनीतूनच.

आता मत्तयच्या पाचव्या अध्यायाकडे येऊ. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. हे वचन आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची धार बोथट झाली आहे. बहुतेकांना ते असे आठवते: माझ्या मनात कुणाविषयी राग असेल तर तो काढून टाकून मी चर्चला जावे. पण मूळ वचन तसे नाही. माझ्या मनात काय आहे याची तिथे चौकशीच नाही. चौकशी आहे ती दुसऱ्याच्या तक्रारीची. माझे अंतःकरण अगदी स्वच्छ असेल, मला रात्री शांत झोप लागत असेल, कुणाविषयी माझ्या मनात तिळमात्र कटुता नसेल, तरीही माझ्याविरुद्ध कुणाची तरी रास्त तक्रार असू शकते. 'मी तर सगळ्यांना क्षमा केली आहे' असे म्हणणारा माणूस कधी कधी असा असतो, की ज्याने स्वतः क्षमा मागायला हवी.

हे सांगणारा गालीलचा आणि ऐकणारे बहुतेक गालीलचे, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. त्यांची वेदी यरुशलेमच्या मंदिरात होती. गालीलहून तिथे पायी जायला तीन-चार दिवस लागत. म्हणजे एखाद्याला वेदीपुढे भावाची तक्रार आठवली, तर अर्पण तिथेच ठेवून तीन-चार दिवस मागे चालायचे, समेट करायचा आणि पुन्हा तितकेच दिवस चालून परत यायचे! ऐकणारे हसले असतील किंवा गप्प झाले असतील. आपल्याला मात्र भावाच्या ओट्यापर्यंत जायला पन्नास पावले पुरतात.

सुरुवातीच्या ख्रिस्तसभेने हे वचन शब्दशः घेतले होते. 'दिदाखे' हे ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभीच्या काळातले छोटेखानी पुस्तक आहे. त्यात अशी सूचना आहे, की ज्याचे सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत रविवारच्या भाकर मोडण्याच्या विधीत सामील होऊ नये, नाहीतर अर्पण अशुद्ध होते. दुसऱ्या शतकातला संत जस्टिन सांगतो की भाकर आणि द्राक्षारस पुढे आणण्यापूर्वी सर्वजण एकमेकांना शांतीचे चुंबन देत. मिलान शहराच्या प्राचीन उपासनापद्धतीत आजही शांतीचे चिन्ह अर्पणाआधी दिले जाते. आपल्या पद्धतीत ते प्रभुभोजनाच्या आधी येते. आपण शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला हसून हात जोडतो. त्यात गैर काही नाही. पण ज्याच्याकडे वळायला हवे तो कधी कधी मुद्दाम दुसऱ्या मिस्साला गेलेला असतो.

भावाभावांचे भांडण निदान दिसते तरी. त्याविषयी धर्मगुरू बोलतात, गावकरी मध्यस्थी करतात, कोर्टात तारखा पडतात. मला ज्या तक्रारीविषयी लिहायचे आहे ती दिसत नाही, कारण ती बहिणीची असते.

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. वडील वारले, मृत्युपत्र नाही. चार मुलगे, तीन मुली. महिनामिस्सा झाली, पाहुणे गेले, आणि काही दिवसांनी थोरला भाऊ तिघी बहिणींना फोन करून सांगतो की तलाठ्याकडे वारसनोंद करायची आहे, एक दिवस येऊन जा. त्या येतात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असते. कुणी वाचून दाखवत नाही, कुणी विचारतही नाही. तिघी सह्या करतात, अंगठा उठवतात, हॉटेलात सगळ्यांनी मिळून जेवण होते. पुढच्या सातबाऱ्यावर चार नावे दिसतात. या घरात भांडण नाही. आगेऱ्याला तिघी बहिणी माहेरी येतात, भावजयीबरोबर फुगे तळतात, आजीच्या जपमाळेला बसतात. सगळे गाव म्हणते, कुटुंब असावे तर असे!

कायदा काय सांगतो? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर एक तृतीयांश वाटा पत्नीचा आणि उरलेला दोन तृतीयांश सर्व मुलांचा, सारखा. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती स्त्रियांना हा हक्क मिळवण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो निकाल १९८६ साली लागला. हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. आपल्याकडे समानता कागदावर कितीतरी आधीपासून आहे. ती कागदावरून उतरवण्याचे काम हक्कसोडपत्र करते, आणि तेही बहिणीच्याच सहीने.

यावर जे म्हटले जाते ते ऐकून घेतले पाहिजे, कारण ते सगळेच खोटे नाही. बहिणीच्या लग्नाला खर्च केला, सोने घातले. खरे आहे, पण भावाच्या लग्नालाही खर्च झालाच, आणि तो कुणी त्याच्या वाट्यातून वजा केला नाही. आई-वडिलांचे म्हातारपण भावाने आणि त्याच्या बायकोने काढले. हा मुद्दा वजनदार आहे. पाच वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करणाऱ्या सुनेचा वाटा कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही, आणि बहीण जर न्यायी असेल तर तिनेही तो मोजला पाहिजे. जमिनीचे तुकडे झाले तर केळीची वाडी टिकणार नाही. हेही खरे आहे, पण जमीन न तोडताही वाटा पैशाने देता येतो, हप्त्याने देता येतो. आणि पूर्वी जी वाडी वर्षाला चार घड केळी आणि दोन पाट्या फुले देत होती, तिच्या शेजारी आज इमारती उभ्या आहेत. बहिणीने सही केली तेव्हा तिने केळी सोडली होती. पुढे भावाने तीच जमीन बिल्डरला दिली, तर तिने सोडले ते काय, याचा हिशेब बदलतो.

शेवटचा युक्तिवाद सगळ्यांत जास्त ऐकू येतो: ताईने स्वखुशीने सही केली. असेल. काही बहिणी खरोखर मनापासून सोडतात, आणि तसे सोडणे हे मोठे दान आहे. पण जिला 'नाही' म्हणता येत नव्हते, तिच्या 'हो'ला दान म्हणता येईल का? नाही म्हटले असते तर माहेर तुटले असते, हे तिला ठाऊक होते. सणाला यायला दार उरले नसते. तिने वाटा सोडून माहेर विकत घेतले, असे म्हटले तर कठोर वाटेल, पण हिशेब तोच होतो.

कुणी म्हणेल, चर्चच्या पत्रकात सातबारा कशाला? लूकच्या बाराव्या अध्यायात एकाने प्रभू येशूला विनवले होते की माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांग, आणि प्रभूने न्यायाधीश व्हायला नकार दिला. हे खरे. पण त्याने तिथेच लोभाविषयी बजावले आणि लगेच भरघोस पीक आलेल्या श्रीमंत शेतकऱ्याचा दाखला सांगितला. तो दाखला पुन्हा वाचून पाहा. तो माणूस सबंध वेळ स्वतःशीच बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्याच्या बोलण्यात ना भाऊ आहे, ना बहीण, ना शेतात राबलेला गडी.

जुन्या करारात मुलींना वाटा नव्हता, असेही सांगतात. सर्वसाधारणपणे नव्हता. पण गणनेच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे आणि सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहून बापाची जमीन मागतात, आणि देव म्हणतो की त्यांचे म्हणणे बरोबर आहे. त्यांना भाऊ नव्हता, हे मान्य. ईयोबाच्या मुलींना तर भाऊ होते. तरी पुस्तकाच्या अखेरीस, सगळे गमावून परत मिळालेला ईयोब आपल्या तीन मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन देतो. ज्याने दुःखाचा तळ पाहिला त्याला वाटणीचा हिशेब वेगळा दिसला असावा.

आणि प्रथमफळांविषयी अनुवादाचा सव्विसावा अध्याय आहेच. इस्राएली माणसाने टोपलीत पहिले फळ आणायचे, आपले पूर्वज भटके आणि गुलाम होते याची आठवण म्हणायची, आणि आनंद करायचा, पण लेवी आणि परदेशी यांच्यासह. त्याच अध्यायात पुढे, तिसऱ्या वर्षाच्या दशमांशाच्या वेळी, त्याला देवापुढे उभे राहून सांगावे लागते की लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांचा पवित्र वाटा मी घरात ठेवलेला नाही, ज्याचा त्याला दिला आहे. आपल्या आगेऱ्याच्या विधीत असे काही म्हणायला लावत नाहीत. लावले असते तर मिरवणूक किती लांब राहिली असती, कोण जाणे.

मग काय, सगळ्या तक्रारी मिटेपर्यंत कणसे आणूच नयेत? तसे केले तर वेदी रिकामीच राहील. प्रभूने मात्र अर्पण परत घरी न्यायला सांगितलेले नाही. ते वेदीपुढेच राहू दे, म्हणतो, आणि तू जाऊन ये. तेव्हा कणसे आणावीतच. आणि घरी न्यायच्या कणसांपैकी एक देव्हाऱ्यात खोचण्याआधी बहिणीच्या सासरी घेऊन जावे, बरोबर जमिनीचा उतारा न्यावा आणि तिच्यापुढे ठेवून विचारावे, की ताई, तेव्हा तुला विचारले नव्हते, आता विचारतो. नवरा-मुले समोर असली तर ती बोलणार नाही, म्हणून निवांत वेळ पाहून जावे. ती 'नको' म्हणेल, हेही शक्य आहे. 'इतक्या वर्षांनी आठवण झाली का रे?' असेही म्हणेल, आणि ते ऐकून घ्यावे लागेल.

२ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो. बोलणे टाकलेले भाऊ एकाच बापाच्या कबरीवर वेगवेगळ्या वेळी येतात. एकाच्या मेणबत्त्या विझलेल्या असतात तेव्हा दुसरा आपल्या पेटवतो. तिथल्या दगडावर मुलगे, मुली, सुना, जावई अशी सगळ्यांची नावे दुःखी कुटुंबीय म्हणून कोरलेली असतात. बहिणीचे नाव तिथे कुणी गाळत नाही.