धमकीचे बळ

माया आणि मालकी यांतील सीमारेषा कोणती, हा प्रश्न जुनाच आहे. पण तो एका सोळा वर्षांच्या मुलीच्या मोबाईलमधून आमच्यापुढे उभा राहील, असे आम्हांस वाटले नव्हते.

येथे इंदुरातच, आमच्या परिचित कुटुंबातील ही मुलगी अकरावीत होती. वर्गातील एका मुलाशी तिचे प्रेम जुळले. प्रथम त्याने मोबाईलचा पासवर्ड मागून घेतला. मग मैत्रिणी तोडायला लावल्या. उत्तरास उशीर झाला की जाब, एकदा थप्पड, दुसऱ्या दिवशी अश्रू आणि क्षमायाचना, पुन्हा तेच. 'प्रेम आहे म्हणूनच राग येतो,' हे त्याचे समर्थन तिलाही पटे. पटणारच; घरोघरी आजोबांच्या तापटपणाला आपण हेच नाव देत आलो आहोत. अखेर तिने संबंध तोडू म्हणताच तो म्हणाला, 'आपले फोटो तुझ्या बाबांना पाठवीन.'

तिने हे आजीला सांगितले. आजी आमच्याकडे सल्ल्यास आल्या. आमचा पहिला प्रश्न होता, "पण मुळात ओळख वाढलीच कशी?" आजी शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही तर तिचीच चौकशी लावलीत!"

आम्ही वरमलो. तक्रारदारालाच आरोपी केले की पुढची तक्रार येत नाही, हे शासकीय सेवेत आम्ही अनेकदा पाहिले होते. मग त्या धमकीचे बळ कोणाचे? त्या पोराचे नव्हे. ते आपल्या घराच्या धाकाचे. मुलगी मारापेक्षा घरच्यांना अधिक भिते, हे त्याने अचूक हेरले होते.

नकारानंतरही मुलीचा पिच्छा पुरवणे, तिच्या मोबाईल-संदेशांवर पाळत ठेवणे, हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनीही आहे. परंतु कायद्याच्या दारापर्यंत जाणारी वाट घराच्या उंबरठ्यावरून जाते.

कोवळ्या वयातील प्रेमाला आमची संमती आहे, असे नाही. मात्र चूक आणि अत्याचार यांना एकाच तराजूत घालणे हा अन्याय होय. मुलीला समज देण्यास पुढे पुष्कळ दिवस आहेत. आधी तिला अभय हवे.

आजींनी तेच केले. तिच्या वडिलांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "फोटो आले तर येऊ देत. पोर आपली आहे." त्या एका वाक्याने धमकीतील सारे बळ गेले.