मागून येणाऱ्यांची जागा

कपाशी टोबताना दोन तासांत अंतर किती सोडायचे, हे आमच्या बाळापूरकडचा शेतकरी आधीच ठरवून मोकळा होतो. पुढे अंतर कमी पडले असे ध्यानात आले, तरी डवरा आत शिरत नाही आणि तास काही सरकत नाही. हे मी लहानपणापासून पाहत आलो. पण त्यातला नैतिक प्रश्न मला कळला तो शाळेतल्या एका संगणकापायी. वाचकहो, हसू नका.

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या जुन्या यंत्रावर लिनक्स बसवून दिले. डिस्क 32 गीगाबाइटची. ती 'एक्स्ट-फोर' पद्धतीने आखताना तो म्हणाला, "सर, प्रत्येक फाइलीमागे एक नोंदपत्र लागते. त्याले आयनोड म्हणतात. ते किती ठेवायचे हे आताच ठरते. याच डिस्कवर मागाहून वाढवता येत नाहीत." नेहमीचा हिशेब दर 16384 बाइटांमागे एक, म्हणजे सुमारे 21 लाख. एकेक 256 बाइटांचे; तेव्हा नुसत्या कोऱ्या नोंदपत्रांत 512 मेगाबाइट अडकायचे. मी पडलो मास्तर. कोरे कागद पडून राहिलेले मला खपत नाहीत. "कमी कर," मी म्हणालो. त्याने दर 65536 बाइटांमागे एक धरले. सव्वापाच लाख झाले आणि 384 मेगाबाइट वाचले. मला कोण आनंद!

चौथ्या वर्षी नववीतल्या एका मुलीने दुपारभर बसून निबंध टंकला, आणि तो साठवेना. डिस्कवर जागा नाही, असे यंत्र सांगे. जागा तर तिसरा हिस्सा रिकामी होती! संपली होती ती नोंदपत्रे. लिनक्सच्याच लहानसहान फाइली लाखांत; त्यांत दरेक मुलाच्या खात्यामागे नकळत साचलेल्या चिटुकल्या फाइलींची भर. वीज गेली आणि निबंधही गेला. "माह्यंच काही चुकलं का, सर?" तिने विचारले.

मला ठाऊक नव्हते, हे खरे. पण ठाऊक नसताना हुकूम कोणी केला? मुलीची शाळा आठवीत सोडवणारा बापही खर्च वाचवल्याचेच सांगतो, आणि त्याला दुष्ट म्हणवत नाही. आमचा किल्ला 1757 साली पुरा झाला, तेव्हा बांधणाऱ्यांनी तरी आम्हांला कुठे विचारले होते? मागून येणाऱ्यांना विचारता येत नाही, ही अडचण सर्वांचीच आहे. नेहमीचे प्रमाण घेतले असते तर मी सुटलो असतो, असेही म्हणवत नाही. तेही कुणा परक्याने, आमची शाळा न पाहता ठरवलेले. मात्र सगळेच निर्णय असे नसतात. याच पद्धतीत 5 टक्के जागा व्यवस्थापकासाठी राखीव असते. ती एका आज्ञेने केव्हाही कमीजास्त करता येते. तिथे मी खुशाल काटकसर करावी. जे बदलता येते त्यावर आम्ही मास्तर मंडळी बैठकीत तासन्‌तास वाद घालतो, आणि जे कायमचे ठरते ते चहा पिता पिता उरकतो.

तो विद्यार्थी पुन्हा आला. सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले, ही पुसून नव्याने आखायला घेतली. "आता किती ठेवू, सर?" मी त्या मुलीला बोलावून आधी हिशेब समजावला. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी पाचवीची पोरंही बसतील न इथे?" मग नेहमीचेच प्रमाण ठेवले. आकडा, तारीख आणि कारण तिच्याच अक्षरात लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.