आधी देऊळ



आजचं चिंतन तुकोबांच्या त्या अभंगावर, ज्यात त्यांनी संतांच्या शब्दाखातर स्वतःची हकीकत सांगितली आहे.

1630 च्या सुमाराचा दुष्काळ. व्यापार तोट्यात, मान गेलेला, एक पत्नी अन्न अन्न करत गेली. जिवाला लाज वाटली, असं तुकोबा सरळ सांगतात. आणि लगेच पुढे काय? देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं.

मी दरवेळी इथेच अडकतो. मध्ये 'मग मन शांत झालं' अशी ओळच नाही! उलट ते कबूल करतात की एकादशीला कीर्तन सुरू केलं तेव्हा चित्त अभ्यासात नव्हतं. मग काय करायचे? संतांची वचनं पाठ करायचे, पुढे कोणी गात असेल त्याच्या मागे धृपद धरायचे, अंग झिजवून जमेल तेवढी कुणाला मदत. मन मागे राहिलं होतं, पण हात आणि गळा कामाला लागले होते.

माझं नेमकं उलटं. गेल्या वर्षी नोकरी गेली तेव्हा मी सगळं एकाच गोष्टीवर अडवून ठेवलं होतं. मूड ठीक झाला की हरिपाठ, मूड ठीक झाला की आईला फोन. कोडमध्ये अशी डिपेंडन्सी दिसली तर मी लगेच काढायला सांगितली असती. स्वतःच्या बाबतीत तीन महिने दिसली नाही.

समुपदेशक ताईंनी विचारलं, "भीती राहू दे. ती असताना तुम्हाला कसा मुलगा व्हायचंय?" तेव्हा हा अभंग आठवला. (आणि हो, अभंग वाचून गोळ्या बंद करू नका. मीही केल्या नाहीत.)

मग ठरवलं, रोज रात्री नऊला आईला फोन. पहिल्या दिवशी छातीत धडधड तशीच होती, तळहात ओले. 'नोकरीचं काय झालं?' हा प्रश्न येणार, हे माहीत होतं. तरी लावला.

ती म्हणाली, "जेवलास का रे?"

नव्हतो जेवलो. तसं सांगितलं. मग फोन चालू ठेवूनच खिचडी टाकली.