आपली वेदी कोठें आहे?

(वाचावें : इब्री १३:१०-१६, मत्तय ५:२३, २४)



गांवांतील शेजारी आपणांस पुष्कळदां विचारितात, "तुमच्या देवळांत मूर्ति नाहीं, होम नाहीं, नैवेद्य नाहीं, मग तुमची पूजा ती कसली?" हें ऐकून कित्येकांस उत्तर सुचत नाहीं. परंतु हा आक्षेप नवा नव्हे. रोमी साम्राज्यांतील आरंभींच्या ख्रिस्ती लोकांवरही त्यांचे शेजारी हाच दोष ठेवीत कीं, ह्यांना वेदी नाहीं, मंदिर नाहीं, म्हणून ह्यांना देवही नाहीं. तर मग आपली वेदी कोठें आहे, ह्याचा विचार करूं.

जलप्रलयानंतर नोहा तारवांतून बाहेर आला, तेव्हां त्यानें वेदी बांधिली. अब्राहामानें शखेम व हेब्रोन येथें मुक्काम केला, तेथेंही वेदी उभारली. पुढें यरुशलेमेच्या मंदिरांत रोज सकाळीं व संध्याकाळीं कोंकरूं अर्पीत असत. परंतु जें रोज करावें लागतें, तें पुरें झालेलें नसतें. इ.स. ७० मध्यें रोमी सैन्यानें तें मंदिर जाळिलें व तेथील होम बंद पडला. तरी ख्रिस्ती मंडळीचें कांहीं उणें झालें नाहीं. कारण तिचें अर्पण त्यापूर्वींच वधस्तंभावर एकदांच व कायमचें झालें होतें.

म्हणून आपल्या मंदिरांत जें लांकडी मेज आहे, तें वेदी नव्हे. इ.स. १५५० मध्यें लंडनचे बिशप रिडली ह्यांनीं आपल्या प्रांतांतील दगडी वेद्या काढवून लांकडी मेजें मांडविलीं, तीं ह्याच कारणास्तव. वेदीवर वध होतो; मेजावर जेवण होतें. वेदीपाशीं याजक उभा राहतो. मेजाभोंवतीं सारें कुटुंब जमतें. ज्यांच्या वाडवडिलांस एका विहिरीवर पाणी भरतां येत नव्हतें, ते येथें एकाच भाकरीचे वांटेकरी होतात.

तर आतां आपण कांहींच अर्पूं नये काय? तसें नव्हे. देवाची स्तुति करणें व दुसऱ्याचें बरें करणें हेच यज्ञ देवाला आवडतात, असें इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत सांगितलें आहे. पौल बंदींत असतां फिलिप्पैकरांनीं त्याला मदत पाठविली, तिला त्यानें सुवासिक यज्ञ म्हटलें. सुगीच्या वेळीं एखादी विधवा पदरांतून मूठभर ज्वारी आणून देते, तीही ह्याच यज्ञांतली होय.

परंतु एक गोष्ट अर्पणाच्याही आधीं करावयाची आहे. प्रभूनें सांगितलें कीं, वेदीपाशीं आल्यावर भावाचें मन आपल्याविषयीं दुखावलेलें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं जाऊन समेट करावा. हें ऐकणारे लोक गालीलांतले होते, आणि वेदी होती यरुशलेमेंत; मध्यें तीन-चार दिवसांची पायवाट. तितकें माघारें जावें लागलें तरी जा, असा प्रभूच्या आज्ञेचा अर्थ आहे.

आपल्या भावाचें घर तर बांधापलीकडेच आहे. हातभर जमिनीच्या बांधासाठीं दोघे सख्खे भाऊ वर्षानुवर्षें एकमेकांचा उंबरा चढत नाहींत, आणि तरीही एकाच जाजमावर बसून प्रभुभोजन घेतात. बंधूंनो, असें कां व्हावें? तीन दिवसांची वाट चालावयाची नाहीं. चालावयाचीं आहेत तीं वीस पावलें. परंतु हीं वीस पावलेंच फार जड जातात, कारण त्या वाटेवर आपला अभिमान बळी द्यावा लागतो. आज आपली वेदी कोठें आहे असें कोणी विचारील, तर ती भावाच्या उंबऱ्याशीं आहे असें समजावें.

उपदेशक बंधूंनो, हें वचन प्रथम आपणांस लागू आहे. मंडळींत ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे, त्याच्या घरीं पुढील प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळीं जा. चूक त्याची असली तरी जा. मग शेजाऱ्यानें पुन्हां विचारिलें कीं, तुमची पूजा ती कसली, तर त्याला सांगावें लागणार नाहीं. तो डोळ्यांनीं पाहील.

ज्यानें आपणां सर्वांसाठीं स्वतःस अर्पिलें, तो प्रभु येशू आपणांस तीं वीस पावलें चालावयास बळ देवो. आमेन.