यंत्राला भाचा नसतो?

‘यंत्राला भाचा नसतो.’ कल्याणकारी योजना आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर नागपूरच्या रामदासपेठेत झालेल्या एका चर्चेत एका वक्त्याने हे वाक्य टाकले आणि सभागृहाने टाळ्या वाजवून ते उचलून धरले. त्यांचे म्हणणे असे की, माणूस लाभार्थी निवडतो तेव्हा जात, पक्ष, ओळखपाळख आणि पाकीट मध्ये येते; यंत्राच्या निवडीत यातले काहीच येत नाही. म्हणून पैसे कोणाला द्यायचे आणि कोणाचे थांबवायचे हे यंत्रानेच ठरवावे आणि अंगणवाडी सेविकेपासून तहसीलदारापर्यंत सर्वांनी त्याला फक्त माहिती भरून द्यावी. ते ऐकून मला संताप आला. हा लेख त्या संतापातून निघाला आहे.

त्या वाक्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. समाजकार्याचे विद्यार्थी घेऊन मी वस्त्यांमध्ये जाते. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी तहसीलच्या चकरा मारणाऱ्या विधवा मी पाहते. रामदासपेठेतल्या दवाखान्यांत झाडलोट करणाऱ्या, फ्लॅटमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायकांची अशा एका चकरेत एका दिवसाची मजुरी बुडते. खिडकीवरचा माणूस तोंड वर करून बघतही नाही. या बायकांना निःपक्षपाती यंत्र हवेसे वाटले तर त्यात नवल नाही. माझे भांडण त्यांच्याशी नाही. ज्यांना कधी खिडकीसमोर उभे राहावे लागत नाही आणि तरीही जे यंत्राच्या निःपक्षपातीपणाची ग्वाही देतात, त्यांच्याशी आहे.

आपल्या राज्यातलेच ताजे उदाहरण घेऊ. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपेक्षा कमी कौटुंबिक उत्पन्नाच्या बायकांना दरमहा १,५०० रुपये. विधानसभेच्या निवडणुकीपूर्वी अर्ज भराभर मंजूर झाले. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले की, वेगवेगळ्या खात्यांची माहिती ताडून पाहिल्यावर सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र आढळले असून त्यांचा लाभ जूनपासून तात्पुरता थांबवला आहे. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी होईल आणि जे पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल. काही ठिकाणी तर पुरुषांनीच पैसे घेतल्याचे उघड झाले. अशांचे पैसे थांबलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण क्रम पाहा. संगणकाने नाव काढले, पैसे थांबले आणि मग अंगणवाडी सेविका दारोदार तपासायला निघाल्या. ही माहितीची साधी ताडणी होती, तिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणता येणार नाही. परंतु उद्या ताडणीच्या जागी अंदाज बांधणारे यंत्र आले तर ते याच रुळांवरून धावेल. आधी थांबवा, मग तपासा.

आता त्या भाच्याविषयी. यंत्र नातेवाईक ओळखत नाही, पण ते फक्त रकाने ओळखते, आणि रकाने आखणारी माणसेच असतात. याच योजनेच्या निकषांत परित्यक्ता बायकांचा स्वतंत्र उल्लेख आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि पोर्टलवर बाईच्या आधारबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपीही मागितला जाऊ लागला. नवऱ्याने टाकलेली, वडील वारलेली बाई कोणाचा ओटीपी आणणार होती? टाकून गेल्याचा दाखला कोणते कार्यालय देते? जिच्यासाठी योजना आहे तीच बाई पोर्टलसमोर अडली. तिचे कोणाशी वैर नसताना, कोणी लाच मागितलेली नसताना. सुस्थितीतल्या, कागद पूर्ण असलेल्या, नवरा शेजारी बसलेल्या कुटुंबाची बाजू यंत्राने घेतलेली असते. भाच्याची बाजू घेणे ती आणखी काय असते?

नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यातील फसवणूक शोधताना धोक्याचे गुण देणारी संगणकीय पद्धत वापरली गेली आणि तीत नागरिकत्वही गुणांत धरले गेले. हजारो आईबापांवर परतफेडीचा डोंगर कोसळला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात भत्ते घेणाऱ्यांवर संगणकाने चुकीची थकबाकी लादणाऱ्या ‘रोबोडेट’ योजनेवर शाही आयोग बसला आणि २०२३ मध्ये त्याने सरकारी यंत्रणेवर कठोर ठपका ठेवला. शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली वेगवेगळ्या नोंदी जोडून कुटुंबाची आर्थिक स्थिती ठरवत होती. हैदराबादच्या एका विधवेचे रेशन थांबले, कारण तिच्या दिवंगत नवऱ्याची गल्लत जवळपास त्याच नावाच्या एका मोटारमालकाशी झाली. तिचा नवरा रिक्षा ओढायचा. त्या राज्यात रद्द झालेल्या रेशनकार्डांची पुन्हा पडताळणी करा, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

इथवर आल्यावर ‘यंत्र नकोच’ म्हणून थांबणे सोपे आहे. पण पॉल मील मला थांबू देत नाही. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. तज्ज्ञाचा अनुभवी अंदाज बरोबर येतो की चार गोष्टींची बेरीज करणारे साधे सूत्र, याची त्याने उपलब्ध अभ्यासांवरून तुलना केली. सूत्र तज्ज्ञाच्या बरोबरीने किंवा त्याहून सरस ठरले. पुढच्या कित्येक दशकांच्या संशोधनाने हा निष्कर्ष मोडला नाही, बळकटच केला. मील स्वतः मनोविश्लेषणाची आवड असलेला, रुग्ण तपासणारा माणूस होता. माणसांशी बोलण्याचा त्याला कंटाळा होता असे म्हणण्याची सोय नाही. समाजकार्यातल्या आम्हा मंडळींना हा निष्कर्ष झोंबतो. आमची सारी प्रतिष्ठा ‘मी घरी जाऊन पाहिले, मला कळले’ या वाक्यावर उभी आहे. परंतु घरी जाऊन पाहणाऱ्याला झोपडीतला टीव्ही दिसतो आणि तो ‘गरीब नाही’ असे लिहून मोकळा होतो, हेही मी पाहिले आहे. गृहभेट ही आपोआप पवित्र होत नाही.

मीलने एक अपवाद मात्र सांगून ठेवला आहे. एखादा माणूस आज सिनेमाला जाईल असे सूत्र सांगते. पण त्याचा पाय आजच मोडला आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर सूत्र बाजूला ठेवा. मोडलेला पाय सूत्रात नसतो. आपल्या योजनांमधला मोडलेला पाय म्हणजे ती परित्यक्ता. तो दिसतो अंगणवाडी सेविकेला, कारण ती त्याच गल्लीत राहते. आणि पोर्टलवर सूत्र बाजूला ठेवण्याचा अधिकार जर कोणाला अजिबात नसेल, तर तो तिलाच. दिसते एकीला आणि ठरवतो दुसराच.

म्हणून माझा प्रश्न बदलला. यंत्र हवे की नको, हा प्रश्न मी सोडून दिला. ते कोणाच्या हातात आहे आणि चुकले तर कोणाच्या ताटातले कमी होते, हे मी विचारते.

याचे उत्तर विदर्भातच, गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसमोर प्रश्न होता बालकांच्या न्यूमोनियाचा. मिनिटाला किती श्वास यावरून न्यूमोनिया ओळखता येतो, पण गावातल्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधन केले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया. निदान झाले, औषध सुरू. पुढे नवजात बाळांच्या जंतुदोषासाठी त्यांनी सात लक्षणे निश्चित केली; त्यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर उपचार. हे करणारी आरोग्यदूत पाचवी ते दहावी शिकलेली गावातलीच बाई. ३९ गावांत हा प्रयोग झाला, आणि नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभरातल्या आशा स्वयंसेविका याच धर्तीवर घरी जाऊन बाळ तपासतात.

सातपैकी दोन हे मीलचेच सूत्र आहे. डॉक्टरांच्या ‘मला वाटते’पेक्षा पक्के, मोजता येणारे, कोणालाही शिकवता येणारे. मग त्याचा मला संताप का येत नाही? कारण ते सूत्र बाईच्या हातात आहे. सूत्र लावल्यावर पुढे काय करायचे याचा अधिकारही तिलाच आहे. इंजेक्शनही तीच देते. आणि सूत्र चुकले तर एखाद्या निरोगी बाळाला जास्तीचे औषध मिळते. चुकीचा भार आजारी बाळाने सोसावा अशी त्याची रचना नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेलाही याच वळणावर नेता येते. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेच्या ‘एम-मित्र’ उपक्रमातून गरोदर बायकांना आणि नव्या मातांना आठवड्याला ध्वनिसंदेश जातात. हळूहळू काही जणी फोन उचलणे सोडतात. सगळ्यांना स्वतः फोन करण्याइतकी माणसे संस्थेकडे नाहीत. गूगलमधल्या मिलिंद तांबे यांच्या गटाने अशी प्रणाली केली की ती या आठवड्यात नेमके कोणाला फोन करावेत हे सुचवते. सुमारे २३,००० बायकांवर चाचणी झाली आणि गळती जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाली. इथे यंत्र चुकले तर काय होते? ज्या बाईला गरज नव्हती तिला एक फोन जातो. तिचे नाव कुठूनही कापले जात नाही.

याच्या उलट टोकाला अंगणवाडी सेविकांनी माहिती भरायचा ‘पोषण ट्रॅकर’ आहे. २०२१ मध्ये हे ॲप सक्तीचे झाले तेव्हा भाषा इंग्रजी आणि सरकारी मोबाइल निकृष्ट म्हणून राज्यातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना आईचा चेहरा ॲपने ओळखणे बंधनकारक आहे. सेविका त्या आईला लग्न होऊन आल्यापासून ओळखते, पण तिच्या ओळखीला किंमत नाही. नेटवर्क नसलेल्या मेळघाटातल्या पाड्यावर पाकीट हातात आहे, आई समोर आहे, आणि दोघी मोबाइलच्या पडद्याकडे बघत उभ्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली ती मूल शोधून त्याला खाऊ घालण्यासाठी. सेविकेचा आज किती वेळ मुलाचे वजन करण्यात जातो आणि किती वेळ आपण चोर नाही हे सिद्ध करण्यात, हे महिला व बालविकास खात्याने मोजून जाहीर करावे.

हिवाळी अधिवेशनासाठी विधिमंडळ नागपुरात येते. आपल्याकडे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारताना कारण लेखी द्यावे लागते, अपील करता येते, कसूर केलेल्या अधिकाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. हे संरक्षण चालू असलेला लाभ थांबवण्यालाही लागू करा. संगणकाने नाव काढले तर आधी गृहभेट व्हावी, सेविकेचा लेखी अभिप्राय घेतला जावा, थांबवण्याच्या आदेशावर अधिकाऱ्याचे नाव आणि सही असावी. तोवर पैसे चालू राहावेत. चोरांना यामुळे दोन महिने जास्त मिळतील. मिळू द्या. नागपूरकर वाचकांना माझी विनंती आहे की, आपल्या आमदाराला या एका दुरुस्तीसाठी पत्र लिहा, आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईचा हप्ता आला की नाही हेही तिला विचारा. थांबला असेल तर तिच्याबरोबर अंगणवाडीपर्यंत जा.